तीन नावांचं कडवं

पिपलानी, भोपाळ
३ मार्च २०२५

प्रिय विमलताई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

पार्सल शनिवारी पोचलं. निघालं ते असं: पांढरं झबलं एक, टोपडं एक, शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो (पुडी फुटली होती, पण तेल झबल्यापर्यंत गेलं नाही, प्रभूची कृपा), कुरडया, आणि डिंकाचे लाडू सोळा. टपालाचे एकशे बेचाळीस पडलेले वर दिसले. अजिंक्यचा मित्र नितीन पंधरा तारखेला नगरहून येणारच होता, त्याच्याबरोबर फुकट आलं असतं. असो. शमिकाला रोज एक लाडू देते, म्हणजे मोजून सोळा दिवस जातील.

बाळाचा बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी, सत्तावीस एप्रिलला ठरलाय. आमचे पाळकसाहेब छत्तीसगडचे, मराठी वाचताना अडखळतात, म्हणून आईबापांना पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्यावरच्या विश्वासाचे प्रश्न विचारायचे, ते मंडळीचे पंच या नात्याने हेच वाचणार. आजोबांनीच नातीसाठी प्रश्न विचारायचे, याहून मोठं भाग्य ते काय? पण हे दोनदा म्हणाले, "जूनमध्ये करू की, उन्हाळा उतरू दे." आणि सूनबाई शमिकाही लगेच म्हणाली, "हां मम्मी, पापा बरोबर सांगतायत." तिनेच यांच्या डोक्यात भरवलं असणार.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर बोलता येत नाही. तुमचं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं, मग मला ओरडावं लागतं, आणि हा विषय ओरडण्याचा नाही.

ताई, मला शमिकाचा संशय आहे.

आमच्याकडे अजून जुनी रीत आहे, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. शमिका बाळाला घेऊन माझ्या शेजारी असते. उपासना संपताना सगळे उभे राहून शेवटचं कडवं म्हणतात ना, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन नावांच्या गौरवाचं, तेव्हा हिचं तोंड बंद! एकदा वाटलं खोकला असेल. पण सलग चार रविवार तेच. मी पुस्तकातून मान वर करून पाहिलं तर हिची नजर भलतीकडेच, मान वळवून, रडवेल्यासारखी.

आणि परवा तुमचं झबलं ठेवायला बाळाच्या कपड्यांचा खण उघडला, तर दुपट्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक हिंदी पुस्तक. चाळीसेक पानं. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण हिंदी कळते. त्यात लिहिलंय की देव एकच, आणि तो म्हणजे पिता. प्रभू येशू त्याने पाठवलेला, पण स्वतः देव नव्हे. पवित्र आत्मा म्हणजे नुसतं देवाचं सामर्थ्य. त्रैक्य, म्हणजे तिघे मिळून एकच देव, हे माणसांनी मागाहून बसवलेलं. पुष्कळ ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत. म्हणजे कुणीतरी नुसतं वाचलेलं नाही, मन लावून वाचलंय. होतं तसं गुंडाळून ठेवलं.

आमच्या मंडळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. त्रैक्य न मानणाऱ्याचं नाव सभासदांच्या वहीतून जातं. मग प्रभुभोजन नाही, लेकराचा बाप्तिस्मा नाही, आणि शेवटी आपल्या कबरस्थानात मातीही नाही. हे आठ महिन्यांत निवृत्त होतील. सगळी हयात ज्या मंडळीत काढली, तिथून मान खाली घालून बाहेर पडायचं का?

ही सोयरीक तुम्ही आणलीत. तिची आई तुमच्याबरोबर नर्सिंगला होती. त्या इंदूरच्या लोकांत असलं काही होतं का, आणि तुम्ही आमच्यापासून लपवलंत का, ते खरं खरं लिहा.

तुमची,
कमलिनी

---

नगर
११ मार्च

कमल,
सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि आधी चष्मा पुसला. म्हटलं मलाच भलतं दिसतंय. अगं, चार महिन्यांचं पोर अंगावर पाजणारी बाई रविवारी अकरा वाजता उभी राहते, हेच पुष्कळ. ओठ हलवायला कुठून आणेल ताकद? त्यात सासू पुस्तकातून मान वर करून तिच्या ओठांवर पहारा ठेवतेय! चाळीस वर्षं वॉर्डात काढली मी, तुझ्यासारखी एक मेट्रन होती आमच्याकडे. पेशंटसुद्धा तिच्यासमोर बरे झाल्याचं नाटक करायचे.

शमिकाच्या माहेरचं विचारतेस. तिच्या आईला मी ओळखते. सरळ बाई. परीक्षेच्या आदल्या दिवशी गुडघे टेकून तिन्ही नावांनी प्रार्थना करायची, आणि नापास व्हायची. तिथे काही नाही.

पण एक सांग. त्या रेघा कशा आहेत? हाताने मारलेल्या की पट्टीने?

आणि कमल, हे पुस्तक पाळकाला दाखवू नकोस. अजिंक्यला नको. मोहनला तर मुळीच नको. खणात आहे तिथे राहू दे. बाप्तिस्मा जूनमध्ये करायचा म्हणत असतील तर जूनमध्ये कर. झबलं एक मापाने मोठंच शिवलंय.

गुडघा बरा आहे. उन्हाळा लागला.

विमल

---

पिपलानी
१९ मार्च

प्रिय विमलताई,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही हसण्यावारी नेलंत. मला हसू आलं नाही.

रेघा पट्टीने मारलेल्या आहेत. पण हे का विचारता? पुस्तक शास्त्राच्या विरुद्ध आहे, ते सोडून तुम्ही रेघा सरळ की वाकड्या ते विचारता! शमिका टापटिपीची आहे, पट्टी लावूनच मारणार. आणि "मोहनला मुळीच नको" असं का? घरातला कर्ता पुरुष, मंडळीचा पंच, त्यालाच सांगायचं नाही? ताई, रागावू नका, पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तुम्ही कुणालातरी पाठीशी घालताय असंच मला तीनदा वाटलं. सोयरीक तुमची, म्हणून बोल तुमच्यावर येईल ही भीती असेल.

मी परीक्षा घेतली. बुधवारी घरच्या प्रार्थनेत म्हटलं, आज शेवटचा आशीर्वाद शमिका म्हणेल. तिन्ही नावं स्वच्छ म्हणाली, एक अक्षर चुकली नाही. अजिंक्य म्हणाला, "मम्मी, ये क्या वायवा चल रही है?" हे नुसते पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. मला बरं वाटलं क्षणभर. मग विचार आला, पाठ असेल. तोंडाने म्हणणं वेगळं.

पण गुरुवारी जे झालं त्यानंतर काही शंका उरली नाही. म्हणाली, "जवाहर चौकात जाते, बाळाच्या झबल्याला लेस आणते." बाळाला माझ्याकडे देऊन गेली. अडीच तासांनी आली, हातात लेस नाही. म्हणाली, दुकान बंद होतं. संध्याकाळी शेजारची पिंकी विरजणाला दही मागायला आली, आणि सहज म्हणाली, "आंटी, भाभी को नेहरू नगर में देखा, मेरे मायके की गली में. वो घर है ना, जहां थर्सडे को मीटिंग होती है." त्या घराचा पत्ता पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेला आहे, ताई. मी पुन्हा खण उघडून पाहिला.

तेव्हा मी यांना न सांगता पाळकसाहेबांना अर्ज लिहून दिला. एक पान, पुस्तकासकट. नाव घेतलंय. एका जिवाला वाचवायचं तर लाज बाळगून कसं चालेल? आईच अशी असली तर बाळाला कोण काय शिकवणार? पाळकसाहेब म्हणाले, पाच एप्रिलला, शनिवारी पाच वाजता घरी येतो, सगळ्यांसमोर शांतपणे विचारतो.

तुम्हाला काही माहीत असेल तर त्याआधी लिहा.

कमलिनी

---

नगर
३१ मार्च

कमल,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय. मिळाल्याबरोबर पाळकाकडे जा, अर्ज मागे घे. चुकून लिहिला म्हण. डोकं फिरलं होतं म्हण. काहीही म्हण.

पुस्तक शमिकाचं नाही. मोहनचं आहे.

तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या वडिलांना आम्ही सांगितलं होतं की आबा परगावच्या इस्पितळात गेले आणि तिथेच माती दिली. ते खोटं. सांगितलं मी, आई मान डोलावत बसली. आज खरं लिहिते.

आबा, म्हणजे गोपीनाथ मास्तर, गावच्या शाळेत शिकवायचे. शास्त्र रोज पहाटे वाचायचे. पुस्तकात रेघ मारायची तर पट्टीनेच, हाताने मारली तर आमच्या बोटांवर तीच पट्टी बसायची. वाचता वाचता त्यांचं मन त्रैक्यावरून उठलं. कुणी फितवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की प्रभूच सांगतो पिता माझ्याहून मोठा, प्रभूच म्हणतो जगाच्या शेवटाचा दिवस मलाही ठाऊक नाही, मग मी प्रभूपेक्षा शहाणा कसा होऊ? शेवटचं कडवं आलं की ते गप्प उभे राहायचे. एवढंच करायचे. मंडळी सोडली नाही, कुणाला शिकवलं नाही. पण गाव लहान. कुणीतरी त्यांचे ओठ पाहिले.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. पाळक आणि दोन पंच कागद घेऊन खाटेपाशी आले, की एक सही करा, सगळं मिटेल. आबा म्हणाले, "प्रभू माझा तारणारा आहे. पण तो ज्याची प्रार्थना करायचा, त्याचीच मी करतो." सही केली नाही. नवव्या दिवशी गेले. कबरस्थानाचं फाटक उघडलं नाही, कमल. मी नर्सिंगच्या वसतिगृहातून येईपर्यंत आई अंगणात बसून होती, आणि बारा वर्षांचा मोहन आबांच्या अंगावर छत्री धरून उभा होता. शेवटी आबांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या शेताच्या बांधाला जागा दिली.

त्या दिवशी आईने मोहनकडून वचन घेतलं. तुला काय वाटायचं ते वाटू दे, तोंडाने बोलायचं नाही. मंडळी सोडायची नाही. तो पंच झाला तेव्हा मी विचारलं, अरे, तू पंच कसा? तर लिहितो, उपासनामंदिराच्या छपराचे पत्रे बदलायला माणूस हवाय, त्याला त्रैक्य लागत नाही. मी समजले की लहानपणचं होतं, सुटलं. तुझ्या पत्रात रेघा वाचल्या आणि कळलं की सुटलेलं नाही.

तू त्याच्या शेजारी कधी उभीच राहिली नाहीस ना. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. बत्तीस वर्षं तू पुस्तकात बघून गायलीस.

शमिका नेहरू नगरला का गेली, ते मला ठाऊक नाही. तूच विचार तिला, पण मेट्रनसारखं नको.

विमल

---

नगर
१६ एप्रिल

कमल,

पत्र मिळालं की नाही? फोन लावला तर अजिंक्य उचलतो, "सब ठीक है आत्या" म्हणतो आणि ठेवतो. पाच तारखेला काय झालं? शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण लिही.

विमल

---

पिपलानी
२८ एप्रिल २०२५

प्रिय विमलताई,
सलाम.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की लाज वाटायची. आज क्रमाने लिहिते, काही गाळत नाही.

तुमचं पत्र पाच तारखेला, शनिवारीच दुपारी एक वाजता आलं. पाळकसाहेब पाच वाजता येणार होते. चार तास होते माझ्या हातात. वाचलं आणि आधी काय मनात आलं सांगू? की ताईंनी हे रचलंय, शमिकाला वाचवायला. मेलेल्या बापाचं नाव घेऊन रचलंय. इथपर्यंत माझी मजल गेली. मग बाहेरच्या खोलीत आले. हे वर्तमानपत्र वाचत होते. पेन्शनच्या कुठल्याशा बातमीखाली रेघ मारत होते. पट्टीने.

पत्र तांदळाच्या डब्याखाली सरकवलं. पाळकसाहेबांकडे गेले नाही. ताई, मी पाहिलं, समजले, आणि गेले नाही. अर्जात नाव शमिकाचं होतं. ते तसंच राहिलं तर हे वाचतील, असा हिशोब माझ्या मनाने केला. मीच केला.

पाच वाजता पाळकसाहेब आले. चहा घेतला नाही. पुस्तक आणि त्यावर माझा अर्ज टेबलावर ठेवला. शमिकाला म्हणाले, "बहन, सच बताना. ये किताब आपकी है?"

तिने पुस्तकाकडे पाहिलं. मग यांच्याकडे. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलंय. मी पदराशी चाळा करत राहिले. ती म्हणाली, "हां जी. मेरी है."

"तो फिर बच्ची का बपतिस्मा मैं कैसे दूं?"

अजिंक्य ताडकन उठला. "मम्मी, अर्ज तू दिलास? घरातल्या घरात?"

तेव्हा यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि म्हणाले, "पाळकसाहेब, मुलगी खोटं बोलतेय. पुस्तक माझं आहे."

"भाईसाहब, आप? आप तो पंच हैं!"

"म्हणून तर सांगतो. मंडळीच्या मिनिटवहीत नीट लिहा, नाव चुकवू नका."

पाळकसाहेब वाईट नाहीत हो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, एका कागदावर सही करून द्या की त्रैक्य मानतो, बाकी दिल की बात ख़ुदा जाने. हे म्हणाले, "तो जाणतो म्हणूनच सही करत नाही." तुम्ही आबांचं लिहिलं होतं, ते माझ्या कानात तेव्हा वाजलं.

पाळकसाहेब गेल्यावर मी शमिकाला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "तू हो का म्हणालीस?" ती म्हणाली, "मम्मी, माझं नाव कटलं तर मी इंदौरला जाऊन पुन्हा लिहून घेईन. पापा कहां जाएंगे?" नाताळात यांच्या कोटाच्या खिशात पुस्तक सापडलं होतं तिला. तिनेच ते बाळाच्या खणात लपवलं, की तिथे मी हात घालणार नाही. रविवारी शेवटच्या कडव्याला ती पलीकडे, पुरुषांच्या बाजूला बघायची. सगळे गाताहेत आणि एकटे पापा गप्प उभे आहेत, हे बघून तिला रडू यायचं, मग गाणं कुठलं? आणि त्या गुरुवारी नेहरू नगरला गेली ती त्या लोकांना हात जोडायला, की आमच्या घरी पुस्तकं पाठवू नका. मी तिच्या पाया पडायला वाकले. ती म्हणाली, "अरे मम्मी, दूध उतू जाईल." आणि खरंच जात होतं.

यांच्याशी मी भांडले. दोन दिवस. म्हटलं, "बत्तीस वर्षं माझ्याशी खोटं वागलात." म्हणाले, "तू कधी विचारलंस?" म्हटलं, "असलं विचारायचं असतं का? मीठ बरोबर आहे का विचारते तसं?" म्हणाले, "आईला वचन दिलं होतं." मग मी म्हटलं, "मी तिन्ही नावांनी प्रार्थना करते, करत राहणार. तुम्ही चुकताय असं मला वाटतं." म्हणाले, "थांब म्हटलं मी? तू म्हण. माझ्याही वाटची म्हण."

तेरा तारखेला उपासनेत नाव वाचलं गेलं. पंचपद गेलं, वहीतून नावही गेलं. अजिंक्य हटून बसला की पापा नाहीत तर बाप्तिस्माही नको. हेच त्याला रागावले. काल झाला बाप्तिस्मा. झबल्याची बटणं यांनी लावली, टोपडं यांनी बांधलं, आणि बाळाला शमिकाकडे देऊन शेवटच्या बाकावर बसले. प्रश्न दुसऱ्यांनी वाचले. शमिकाने उत्तरं खणखणीत दिली. बाळाचं नाव मधुरा ठेवलं. पाणी पडलं तेव्हा रडली नाही.

आता ज्यासाठी लिहिते ते.

आज सकाळी मी मंडळीच्या सेक्रेटरींकडे गेले होते. आमच्या दोघांच्या नावाने कबरस्थानात शेजारी शेजारी जागा लिहून ठेवलेल्या आहेत, सासूबाईंच्या ओळीत. त्यांनी वही उघडली आणि यांच्या जागेवर रेघ मारली. म्हणाले, "भाभीजी, तुमची जागा आहे तशीच राहील, काळजी करू नका." मी म्हटलं, माझ्यावरही मारा. ते म्हणाले, तुमचं नाव तर वहीत आहे, तुमचा काय दोष? मी म्हटलं, नाव राहू द्या, रविवारी येईन, शेवटचं कडवं म्हणेन. जागा नको.

यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन तेव्हा हातात काहीतरी नक्की असावं.

आबांना माती दिली त्या शेताचे धनी कोण आहेत आता, मुलं असतील त्यांची? बांध तसाच आहे का, की नांगरला? एकदा जाऊन बघून या, रिक्षाने जा, गुडघ्याला त्रास नको, पैसे मी पाठवते. आबांच्या शेजारी दोघांपुरती जागा निघेल का, आणि तीन नावांनी प्रार्थना करणारी बाई तिथे चालेल का, त्या लोकांना विचारून उलट टपाली कळवा.

तुमची,
कमलिनी